पाणी चढत नाही

माझ्या बायकोला हे माहीत नाही. मुलगी मालवणात दिली आहे, तिलाही नाही. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा मनातलं सगळं देवाच्या कानावर घालावं असं म्हणतात — मी तिथेही हात जोडून, डोळे मिटून गप्प उभा राहिलो, जसं काही माझ्याजवळ घालण्यासारखं काही नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. उद्या वाटेत भेटलात तरी ओळखणार नाही. म्हणून तुमच्याजवळ बसतो जरा.

पण एकदम नाही सांगता येणार. थोडं फिरून येऊ द्या.

आमचं गाव धामापूरपासून फार लांब नाही. खाली व्हाळ, म्हणजे ओढा, व्हाळाच्या दोन्ही अंगांना माड, पोफळी, भाताचे कोपरे. मागे उभी घाटी, आणि घाटी चढून गेलं की सडा. काळ्या जांभ्याचं सपाट पठार, दुसरं काही नाही. पावसाळ्यात त्यावर धुकं असं बसतं की पुढे चालणाऱ्याची फक्त छत्री दिसते. उन्हाळ्यात दुपारी तिथे उभं राहिलं की हवा थरथरते, आणि सड्याच्या टोकाला असलेली धनगरवाड्याची नऊ घरं जमिनीपासून वीतभर वर तरंगताना दिसतात. मला ती अजून तशीच दिसतात. झोपेत नव्हे — जागेपणी, चहाचा कप हातात असताना.

त्या नऊ घरांत गवळी धनगर राहतात. आमच्या गावाच्या आधीपासून ते तिथे आहेत असं म्हातारे सांगत. म्हशी राखायच्या, सड्यावरच्या खाचरांत नाचणी करायची, आणि रोज सकाळी दुधाची किटली घेऊन खाली उतरायचं. ठकूबाय आमच्या घरी दूध घालायची. मी शाळेत जात नव्हतो तेव्हापासून. उंच, सडपातळ बाई, अनवाणी. पाय जांभ्यासारखेच झालेले. माझी आई तिला चहा द्यायची आणि ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून प्यायची. ‘वर बस’ असं माझ्या आईने कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. हेही सांगून टाकतो, निघालंच आहे तर.

धनगरवाड्याला पाणी होतं ते एका झऱ्याचं. सड्याच्या कडेवरून तीस-चाळीस पायऱ्या खाली, कातळाच्या कुशीत. चैत्रात त्याची धार करंगळीएवढी व्हायची, वैशाखात तेवढीही नाही — मग बायका करवंटीने पाणी टिपून कळशीत घालत. एक कळशी भरेपर्यंत सावली हललेली कळायची. त्या पाण्याचे त्यांचे नियम होते. माघात सगळ्या वाडीने मिळून झऱ्याचा गाळ काढायचा, भेगा मातीने लिंपायच्या. झऱ्यात कुणी हात धुवायचा नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची आणि ते विसळलेलं म्हशीपुढे ठेवायचं. एकच पाणी तीन वेळा. आम्ही खाली पोफळींना पाट सोडून घरी झोपायला जायचो.

मग नळयोजना आली, आणि ग्रामपंचायतीने पाणी सोडायला मला ठेवलं.

काम सोपं होतं. व्हाळाकाठी विहीर, तिच्या बाजूला पंपाची चिऱ्याची खोली, आणि खोलीबाहेर एका खड्ड्यात हाताने फिरवायच्या चाकांचे दोन व्हॉल्व्ह. डावा खालच्या गावाचा, उजवा धनगरवाड्याचा. डावा बंद करून उजवा उघडला की सगळं पाणी घाटीच्या कडेने टाकलेल्या पाइपातून सड्यावरच्या टाकीत चढायचं. दोन्ही उघडे ठेवले तर ते आपलं खालच्या गावाकडे पळायचं — त्याला उताराची ओढ. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्या दोन चाकांचंच आहे.

पहिल्या हिवाळ्यात मी दोन्हीकडे नीट पाणी दिलं. वर चढून टाकी भरल्याची खात्री करायचो. ठकूबाय ताकाचा तांब्या घेऊन टाकीपाशी उभी असायची. पाइपाला कान लावला की आत लांबून कुणीतरी चालत येतंय असा आवाज यायचा, आधी हवेचा सुस्कारा, मग पाणी. तिला तो आवाज फार आवडायचा.

शिमगा होऊन गेला, ऊन तापलं, विहिरीचं पाणी खाली गेलं. आता पंप अडीच तासच चालायचा. पुढे विहीर कोरडी. तासभर खाली, दीड तास वर, असं मीच ठरवलेलं. एके दिवशी खालचं पाणी सोडून मी खोलीमागच्या फणसाखाली टेकलो. पंपाचा आवाज एकसारखा, व्हाळावरून गार वारा, डोळ्यांपुढे पानांची हिरवी गुंगी — आणि डोळा लागला. जागा झालो तो पंप कोरडा घरघरत होता. सगळं पाणी खाली गेलं होतं.

चूक इथवर साधी होती, नाही का? झोप कुणालाही लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाय किटली घेऊन वाटेत भेटली. टाकी रिकामी का, म्हणाली. मी म्हणालो, “पाणी चडला नाय गो. बावीतला पाणी खाली गेला, पंपाक जोर नाय.” तोंडातून सहज निघालं. खरं सांगण्यापेक्षा सोपं होतं, एवढंच. ती म्हणाली, “आसांदे रे. उद्या बघ.”

उद्या मी बघितलं असतं. पण त्या संध्याकाळी देवळाजवळ चारजणांनी मला थांबवलं. काल नळाला काय जोर होता! बागेलासुद्धा पाणी मिळालं. कुणी पाठीवर थाप मारली. कुणी घरी बोलावून सोलकढी आणि तळलेला बांगडा दिला. मी दहावी नापास माणूस. गावात मला कधी कुणी थांबवून काही चांगलं बोललं नव्हतं. रात्री अंथरुणावर ते पुन्हा पुन्हा आठवलं आणि — काय सांगू — हसू येत होतं मला.

उद्या मी उजवा व्हॉल्व्ह उघडला नाही. परवाही नाही. पाऊस लागेपर्यंत नाही.

घाटी चढायला नको, ऊन नको, आणि खाली सगळे खूश. ठकूबाय रोज विचारायची. मी रोज तेच सांगायचो. दहाव्या दिवशी तिने विचारणंच सोडलं. पावसाळ्यात कुणाला आठवण राहिली नाही, हिवाळ्यात मी पुन्हा वर पाणी दिलं, म्हणून कुणाला संशयही आला नाही. उन्हाळ्यात पाणी चढत नाही — गावात हे सगळ्यांना ठाऊक झालं, जसं आषाढात समुद्रात होड्या जात नाहीत हे ठाऊक असतं. शाळेतल्या बाईसुद्धा मुलांना समजावून सांगत, उंचावर पाणी का चढत नाही ते. मीही ऐकत उभा होतो एकदा. मला ते पटल्यासारखं वाटलं. खोटं बोललेलं माणसाला स्वतःलाच पटू लागतं तेव्हा तो कुठे असतो हो? त्या दोन वर्षांत मी कुठे होतो, मला धड सांगता येत नाही. सगळं उन्हाच्या झळीतून पाहिल्यासारखं आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी म्हशी विकल्या. माणसांपुरतं पाणी टिपायचं की म्हशींपुरतं? ठकूबायने एकच ठेवली. बाकीच्या घाटी उतरून आमच्या पंपाच्या खोलीजवळून गेल्या. माझ्या समोरून. नळाच्या गळतीने तिथे एक डबकं झालं होतं. सगळ्या जणी त्यात तोंड घालून थांबल्या आणि धाकू — ठकूबायचा मुलगा — त्यांना हाकण्याआधी बराच वेळ उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. ठकूबायचं दूध आमच्या घरी बंद झालं ते तेव्हापासून.

त्याच धाकूने तिसऱ्या वर्षी ग्रामसभेत विषय काढला. पाणी चढत नाही म्हणता, एकदा तपासून तरी बघा. हिवाळ्यात चढतं मग आता काय होतं? चांगला बोलला तो. मी मागच्या बाकावर होतो. तेवढ्यात ठकूबायच उठून उभी राहिली. बायका सभेत फारशा बोलत नाहीत, ती बोलली.

“त्या बापड्याक कित्याक बोलतास? मी त्येका ल्हान असल्यापासून बघतंय. पाणी चडणा नाय, तर तो काय करतलो?”

सभा हसली, विषय संपला. तरी तालुक्याहून एक साहेब आले तपासायला. आणि आता तिथे आलो आपण, जिथे मला यायचं नव्हतं.

आदल्या दिवशी विहीर पूर्ण भरू दिली होती. साहेब भला माणूस, घाम पुसत घाटी चढून टाकीपाशी गेला, सोबत वाडीतली सगळी माणसं. मी खाली पंपावर एकटा. डावा व्हॉल्व्ह बंद करायचा होता. मी तो फिरवला — पुरता नाही. चार आटे उघडा ठेवला आणि त्यावर गोणपाट टाकलं. उजवा सताड उघडला, पंप चालू केला. पाणी अर्ध्या घाटीपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं, दमल्यासारखं. वर माणसं पाइपाला कान लावून वाट बघत राहिली. साहेबांनी उतरताना मला विचारलं, दोन्ही नीट आहेत ना? मी म्हणालो, होय साहेब. गोणपाटाकडे त्यांनी पाहिलंच नाही. कागदावर त्यांनी लिहिलं — उंची जास्त, दाब अपुरा.

हे झोपेत झालेलं नाही. हे मी जागेपणी, हाताने केलं. चार आटे. मोजून.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ठकूबाय झऱ्याच्या पायऱ्यांवरून पडली. डोक्यावर भरलेली कळशी होती. ती कळशी वाचवायला गेली म्हणतात, स्वतःला सावरलं नाही. मांडीचं हाड मोडलं.

धाकू धावत पंपावर आला. माणसं हवी होती. मी गेलो. घोंगडी बांबूला बांधून डोली केली, तिला त्यात घातलं आणि आम्ही चौघे घाटी उतरू लागलो. पुढच्या टोकाला डावीकडे मी. माझ्या उजव्या खांद्यावर बांबू, आणि पायाशी, वाटेच्या कडेने, तो पाइप — पोकळ, उन्हाने तापलेला. ती विव्हळत नव्हती. मध्येच म्हणायची, “आज पाणी कोण भरतला रे?” अर्ध्या वाटेवर माझा पाय घसरला तसं तिने मान वळवली.

“तातू, भार लागता रे तुका. खाली ठेव माका. जरा दम खा.”

तिथे सांगता आलं असतं. तीन माणसं होती, एक बाई होती, कुणी मारलं असतं तरी फार तर काय झालं असतं? मी बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि चालू लागलो.

तिला सावंतवाडीला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपावर गेलो, खाली तासभर पाणी दिलं, मग डावा व्हॉल्व्ह पुरता आवळला — अगदी मनगट दुखेपर्यंत — आणि उजवा उघडला. घाटी चढायला लागलो. अर्ध्यावर पाइपावर तळवा ठेवला. गार होता. मी चढत राहिलो आणि ते माझ्या बाजूने चढत होतं, माझ्यापेक्षा वेगाने, आणि सड्यावर पोचलो तेव्हा टाकीत धार पडत होती. सगळी वाडी जमली होती. धाकूची बायको सगुणा हंडा आणायचं विसरून नुसते हात धारेखाली धरून उभी होती. “पाणी इला, पाणी इला,” एवढंच म्हणत होती, हळू, जसं कुणी झोपेत बोलतं. मुलं भिजत होती आणि म्हातारे त्यांना ओरडत होते की सांडू नका.

कसं काय चढलं, कुणीतरी विचारलं.

“पंपाक नवो भाग घातलो,” मी म्हणालो.

नवा भाग. साहेबांनी लिहून नेलेलं असतानाही मी धडपड करून कुठूनसा मिळवलेला. असा भाग नव्हता. पण मला त्या दिवशी नारळ दिला त्यांनी, आणि मी तो घेतला.

खालच्या गावात तीन दिवस कुरकुर झाली, पाणी कमी येतं म्हणून. चौथ्या दिवशी सवय झाली. बागा वाळल्या नाहीत, काही नाही. तीन उन्हाळे मी ज्यासाठी ते चाक फिरवलं नाही, ते इतकंसंच होतं — तीन दिवसांची कुरकुर.

ठकूबाय परत आली ती चालू शकत नव्हती. धाकू तिला रोज उचलून नळाजवळच्या चौथऱ्यावर बसवायचा. तिथे ती दिवसभर असायची. कुणी नळ सैल ठेवला की ओरडायची. तांदळाचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं म्हशीला — नळ आला तरी वाडीत तोच नियम तिने चालू ठेवला. मी आठवड्यातून एकदा तरी वर जायचो. का जायचो? चांगुलपणाने नव्हे. तिच्यासमोर बसून काही न बोलता परत येण्याची मला सवय लागली होती.

एकदा आम्ही दोघेच होतो. धुकं होतं, घरं दिसत नव्हती, जवळपास कुठेतरी तिची म्हैस चरत होती, फक्त घंटेचा आवाज. तिने विचारलं, “तातू, तो नवो भाग कसो आसा रे?”

आता तरी, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी तोंड उघडलं — आणि काटकी उचलून ओल्या मातीत एक चाक काढलं. चाकाला पाती काढली. ती कशी फिरतात, पाणी कसं वर ढकलतात, ते सांगितलं. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून कुणाला काही समजावलं नसेल. ती वाकून बघत होती.

“इतक्याशा चाकान चडला सगळा?”

“होय,” मी म्हणालो.

तिने बोटाने ते चाक हलकेच गिरवलं आणि नवलाने मान हलवली.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ती गेली. सकाळी उठलीच नाही, इतकं साधं. मी खांदा द्यायला गेलो होतो. तिचं वजन काहीच राहिलं नव्हतं. बाराव्याचं जेवण होतं त्या दिवशी धाकू स्वतः खाली येऊन बोलावून गेला. मला काही कारण काढता आलं असतं. गेलो.

अंगणात पंगत मांडली होती. मी कडेला बसायला निघालो तर धाकूने हाताला धरून मला मधल्या पाटावर नेलं आणि सगुणेला म्हणाला, “पयला पान तातूक वाढ. आये कायम त्येचा नाव घेय.”

सगुणेने माझं पान वाढलं. भात, काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, दही. बाकीचे माझ्या पहिल्या घासाची वाट बघत थांबले होते.

मी जेवलो. भात दोनदा घेतला.